रक्कम नंतर वाढवा, आधी तारीख द्या

माननीय आदितीताई तटकरे,
महिला व बालविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य



हे पत्र रायपूरहून लिहिते आहे. भोसल्यांच्या अमदानीत नागपूरकडून छत्तीसगडात आलेल्या आणि इथल्याच झालेल्या मराठी घरांपैकी आमचे एक. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर छत्तीसगढी. माझी बँकेतली नोकरी बहुतेक सगळी आरंग, अभनपूर, तिल्दा या पट्ट्यातल्या ग्रामीण शाखांत झाली. निवृत्त झाले तरी त्या गावांशी संबंध सुटलेला नाही. पासबुक वाचून दाखवायला, अर्ज भरून द्यायला बायका अजून बोलावतात. सरकारचे पैसे थेट गरीब बाईच्या खात्यात आले की घरात काय होते, हे मी जवळून पाहिले आहे. महाराष्ट्रात आपल्या खात्याकडे ‘लाडकी बहीण’ योजना आहे, म्हणून हे आपल्याला लिहायचे.

इथे ‘महतारी वंदन योजना’ आहे. महतारी म्हणजे आई. २०२३ च्या निवडणुकीत आश्वासन दिले गेले, ५ ते २० फेब्रुवारी २०२४ या दिवसांत अर्ज भरून घेतले आणि १० मार्च २०२४ रोजी सत्तर लाखांहून अधिक बायकांच्या खात्यांत प्रत्येकी एक हजार रुपयांपर्यंत रक्कम जमा झाली. पहिलाच हप्ता साडेसहाशे कोटींच्या वर होता. तेव्हापासून पैसे दर महिन्याला येत आहेत.

हजार रुपये म्हणजे किती? २०२४-२५ मध्ये छत्तीसगडात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २४३ रुपये होती. म्हणजे जेमतेम चार दिवसांची मजुरी. शहरात बसून हिशेब करणारे हा आकडा ऐकतात आणि विचारतात, एवढ्याने काय होणार? त्यांना इथला भाताचा हिशेब सांगावा लागतो.

छत्तीसगडच्या मैदानी भागात गावाचा पैसा भाताबरोबर येतो. नोव्हेंबरपासून जानेवारीअखेरपर्यंत सोसायटीत धान विकले जाते. आता एकरी २१ क्विंटलपर्यंत, क्विंटलला ३१०० रुपये या हिशेबाने सरकार खरेदी करते. एकराला ६५ हजार झाले. हा मोठा पैसा आहे आणि त्याने गावे बदलली आहेत, यात शंका नाही. पण तो जमिनीच्या कागदावर ज्याचे नाव त्याच्या खात्यात जातो. ते नाव बहुधा पुरुषाचे. आणि तो वर्षातून एक-दोनदाच येतो. त्यातून ट्रॅक्टरचा हप्ता, मोटारसायकल, लग्न, घराचे पक्के छत निघते. ज्याच्याकडे जमीन नाही, तो रोपणी, निंदणी, कापणीच्या मजुरीवर जगतो. कापणी उरकली की त्याच्याकडे चार महिने हाताला काम नसते. पावसाळ्यात, धान्याची कोठी रिकामी होते आणि पोरे तापाने फणफणतात, तेव्हा तर भूमिहीनाच्या घरात रोख रुपया दिसतच नाही. भूमिहीन शेतमजूर कुटुंबांना जानेवारी २०२५ पासून वर्षाला दहा हजार देण्याची वेगळी योजना इथे सुरू झाली. चांगले झाले. पण तीही वर्षातून एकदाची रक्कम.

या वर्षाच्या चक्रात बाईच्या खात्यात महिन्याच्या महिन्याला येणारा हजार रुपया वेगळा ठरतो. तो श्रावणातही येतो आणि भाद्रपदातही. इथे भाद्रपदात तीजा असतो. लग्न झालेल्या लेकी माहेरी येतात आणि आईने लेकीला साडी द्यायची असते. ज्या आईकडे साडीपुरतेही पैसे नसत, ती त्या दिवसांत सावकाराकडे जायची किंवा लेकीला निरोपच पाठवायची नाही. आता ती दोन-तीन महिने थोडे थोडे बाजूला ठेवते. एखादीने मुलीच्या नावाने सुकन्या समृद्धीचे खाते उघडले. त्यात वर्षाला किमान अडीचशे भरले तरी चालतात, आणि अडीचशे रुपये स्वतःचे म्हणून भरू शकेल अशी बाई तिच्या गल्लीत पूर्वी नव्हती. एखादी शेळी घेते. एखादी नवऱ्याला न विचारता लेकराला घेऊन रायपूरला ‘मेकाहारा’ या सरकारी रुग्णालयात जाते. सरकारी दवाखान्यात उपचार फुकट असले तरी तिथपर्यंतचे भाडे, सोबतच्या माणसाचे जेवण, बाहेरून आणायची एखादी गोळी फुकट नसते, आणि याच शे-दोनशे रुपयांपायी आजार अंगावर काढले जातात.

सगळ्या घरांत असे झाले, असे मी म्हणणार नाही. काही ठिकाणी पैसे काढले त्याच संध्याकाळी ते नवऱ्याच्या हातात गेले. काही नवऱ्यांनी सरळ सांगितले, आता तुला मिळतात ना, मग मीठमिरची तूच बघ. आणि आपला हात आखडता घेतला. पुष्कळ बायकांचा हजार गटकर्जाच्या आठवड्याच्या हप्त्यात जातो. वसुली करणाऱ्यांना योजनेची तारीख तोंडपाठ असते. कोरबा जिल्ह्यात हजारो बायकांना गटकर्ज काढायला लावून ती रक्कम गुंतवायला सांगितली आणि त्यांना बुडवले, हे प्रकरण २०२४ च्या अखेरीस उघडकीला आले. बाईच्या हाती नियमित पैसा आला की तिच्या दाराशी कर्ज घेऊनही माणसे येतात. तिकडे विदर्भ-मराठवाड्यातल्या खेड्यांतही हे होत असणार. आपल्या खात्याने त्याकडे लक्ष द्यावे.

तरीही, बरे आणि वाईट दोन्ही पाहून माझे मत पक्के झाले आहे. बदल रकमेने कमी आणि तारखेने जास्त घडतो. इथे हप्ता साधारण महिन्याच्या सुरुवातीला येतो. हे बाईला ठाऊक असते, तसेच किराणा दुकानदारालाही. म्हणून महिनाअखेरीला तो तिला तेल-साबण उधार देताना तोंड फिरवत नाही. डॉक्टर, शाळेच्या गाडीवाला, शेळी विकणारा शेजारी, सगळे तिच्या शब्दावर चार दिवस थांबतात. आयुष्यात पहिल्यांदा बाजारात तिची पत तयार झाली, आणि ती हजार रुपयांवर नव्हे, तर पुढच्या महिन्यातही हजार येणारच या भरवशावर. हा भरवसा एकदा मोडला की तिची पतही मोडते, मग दोन महिन्यांचे एकदम दिले तरी ती भरून येत नाही.

ताई, महाराष्ट्रात रक्कम जास्त आहे. पंधराशे. निवडणुकीच्या जाहीरनाम्यात एकवीसशेचे वचन होते आणि ते कधी पाळणार, यावर रोज वाद होतो. मला त्या वादापेक्षा दुसरी गोष्ट जास्त डाचते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये रक्षाबंधनाच्या तोंडावर दोन महिन्यांचे तीन हजार एकदम मिळाले. ऑक्टोबर-नोव्हेंबरचे दिवाळीआधी, आचारसंहिता लागण्यापूर्वी आले. फेब्रुवारी २०२५ चा हप्ता महिला दिनाच्या सुमारास मार्चमध्ये पोचला. सण बघून पैसे आले की टाळ्या मिळतात. पण अहेरीच्या किंवा किनवटच्या बाईला दर महिन्याला विचारावे लागते, या वेळी कधी? आणि उत्तर तिला मंत्र्यांच्या घोषणेतून किंवा व्हॉट्सअॅपवरच्या अफवेतून मिळते. पगारदार माणसाला पगाराची तारीख माहीत असते, पेन्शनरला पेन्शनची. गरीब बाईलाच का नसावी? एकवीसशे नंतर द्या. आधी पंधराशेची तारीख ठरवा, ती शासन निर्णयात लिहा आणि निवडणूक असो, सण असो, ती पाळा.

आता छाननीबद्दल. आपण २६ जुलै २०२५ रोजी जाहीर केले की सुमारे २६ लाख ३४ हजार लाभार्थी अपात्र असल्याचे आढळले, त्यांचा लाभ जूनपासून तात्पुरता थांबवला आहे, जिल्हाधिकाऱ्यांमार्फत पडताळणी होईल आणि जे पात्र ठरतील त्यांना पुन्हा सुरू होईल. हजारो पुरुषांनी बहिणींच्या नावाच्या योजनेतून पैसे उचलले, हे संताप आणणारे आहे. सरकारी नोकरीतल्या बायकांनी अर्ज भरले, तेही चूक. त्यांच्याकडून वसूल करा. पण क्रम पहा. आधी थांबवले, मग तपासायचे. ज्या बाईचा हप्ता चुकून थांबला, तिने काय करायचे? तिला कोणी कागद दिला नाही, कारण सांगितले नाही. तिला फक्त एवढे कळले की या महिन्यात आले नाहीत. संगणकाने दोन याद्या जुळवल्या, एका घरात तीन नावे दिसली, त्यातली एक कापली. पण त्या ‘एका घरात’ तीन वेगळ्या चुली आहेत हे संगणकाला कुठून कळणार?

इथे बस्तर जिल्ह्यातल्या तालूर गावात अभिनेत्री सनी लिओनीच्या नावाने खाते दाखवून कोणी तरी महिन्याला हजार रुपये उचलत होता. डिसेंबर २०२४ मध्ये ते बाहेर आले आणि देशभर हसू झाले. त्या एका नावावर जेवढी शाई खर्च झाली, तिचा शंभरावा हिस्साही ज्या पात्र बायका यादीत आल्याच नाहीत त्यांच्यावर खर्च झाला नाही. फेब्रुवारी २०२४ मधले ते पंधरा दिवस ज्यांचे चुकले, ज्या कामासाठी परराज्यातल्या वीटभट्टीवर होत्या, ज्यांचे लग्न नंतर झाले, त्यांना दार बराच काळ बंदच राहिले. छत्तीसगडात लग्न न केलेल्या बाईला ही योजना लागूच नाही. विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता यांना आहे. पण भावाच्या घरी राबून चाळिशी ओलांडलेली अविवाहित बाई कुठेच बसत नाही. महाराष्ट्राने कुटुंबातल्या एका अविवाहित मुलीला धरले, हे आपले चांगले पाऊल. उलट इथे वयाला वरची मर्यादा नाही, तिकडे पासष्टला हप्ता थांबतो आणि मग त्या आजीला दुसऱ्या योजनेचे दार ठोठावावे लागते. दोन्ही राज्यांनी एकमेकांकडून घ्यावे असे पुष्कळ आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये आपण ई-केवायसी सुरू केली. तिच्यात बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचे किंवा वडिलांचे आधार आणि त्यांच्या मोबाइलवरचा ओटीपी मागितला. पूर आला, विधवांची आणि एकट्या बायकांची अडचण पुढे आली, मुदत १८ नोव्हेंबरवरून ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली, मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा कागद अंगणवाडी सेविकेकडे देण्याची सोय केली. अडचण ऐकली, याबद्दल आभार. पण मूळ प्रश्न तसाच आहे. ज्या पैशाचे सगळे बळ तो बाईच्या नावाचा आहे यात आहे, त्या पैशाची किल्ली नवऱ्याच्या फोनमध्ये का? मारहाण करणाऱ्या नवऱ्यापासून माहेरी आलेली बाई घटस्फोटाचा कागद आणणार कुठून? पुण्याला कामाला गेलेला आणि फोन न उचलणारा नवरा ओटीपी सांगणार कधी? कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे का, हे सरकारला पाहायचे असेल तर रेशनकार्ड आहे, आयकराची नोंद आहे. ती सरकारने सरकारकडून घ्यावी. बाईला नवऱ्याच्या परवानगीसाठी उभे करू नये.

आमच्या रायपूरचे एक मराठीभाषक हिंदी लेखक माधवराव सप्रे. दासबोध आणि गीतारहस्य त्यांनी हिंदीत नेले. त्यांनी १९०१ मध्ये एका गरीब विधवेची गोष्ट लिहिली, ‘एक टोकरी भर मिट्टी’. जमीनदार कोर्टातून तिच्या झोपडीचा ताबा घेतो, वकिलांना पैसे चारून. झोपडी तिची असते, पण ते कागदावर टिकवण्याचे बळ तिच्याकडे नसते. सव्वाशे वर्षांनी तिच्या नावाचे खाते, तिच्या नावाची रक्कम आली आहे. ते नाव टिकवण्याचा भार पुन्हा तिच्यावरच टाकू नका.

बँकेचे थोडे सांगते, कारण मंत्रालयातून ते दिसत नाही. थेट हस्तांतराचा पैसा आधार क्रमांकावरून जातो आणि जे खाते सर्वांत शेवटी आधारशी जोडले गेले, त्यात पडतो. बाईला वाटते आपले खाते जनधनचे. पैसे मात्र कुठल्या तरी मेळाव्यात अंगठा देऊन उघडलेल्या दुसऱ्या खात्यात जमा होत असतात. २०१७ मध्ये एका मोठ्या मोबाइल कंपनीच्या पेमेंट बँकेत लाखो ग्राहकांची अशी खाती त्यांच्या नकळत उघडली गेली आणि गॅसचे अनुदान तिकडे वळले होते. शिवाय राबून राबून बायकांच्या बोटांच्या रेषा पुसलेल्या असतात. अंगठा जुळत नाही. बँकमित्राकडे नेट नसते. गेल्यावर कळते की आज रोकड संपली. हजार काढायला गेलेली बाई एक दिवसाची मजुरी बुडवून येते, आणि कधी कधी बँकमित्र वीस-तीस रुपये ‘चहापाण्याचे’ ठेवून घेतो. सरकारच्या दप्तरी पैसे पोचले अशी नोंद झालेली असते. महाराष्ट्रात २०२४ च्या ऑगस्टमध्ये बँकांनी जुन्या थकबाकीत आणि किमान शिलकीच्या दंडात हप्ते वळते केले आणि असे करू नका, असे सरकारला सांगावे लागले. ते सांगणे कायमच्या नियमात उतरले पाहिजे.

या योजनांना जे फुकटेगिरी म्हणतात, त्यांच्याशीही बोलणे भाग आहे. लोक आळशी होतील, दारू पितील, मजूर मिळणार नाहीत. रायपूरमध्ये मी हे सुशिक्षित घरांत रोज ऐकते. शेजारच्या मध्य प्रदेशात, इंदूरच्या बाजूला, ‘सेवा’ संघटनेने युनिसेफच्या मदतीने २०११-१२ मध्ये काही गावांतल्या सगळ्या, सुमारे सहा हजार, माणसांना कुठल्याही अटीशिवाय दर महिन्याला थोडी रोख रक्कम दिली आणि तशाच इतर गावांशी तुलना केली. तिथे पोषण सुधारले, मुले शाळेत जास्त गेली, गुरे-शेळ्या वाढल्या, कर्ज कमी झाले आणि लोक स्वतःच्या शेतावर जास्त राबू लागले. जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी जगभरचे असे प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा दारू-तंबाखूवरचा खर्च वाढल्याचे दिसले नाही. केनियातल्या सियाया भागात दहा हजारांहून अधिक गरीब कुटुंबांना प्रत्येकी सुमारे हजार डॉलर दिले गेले. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा निष्कर्ष असा की त्या घरांतले अर्भकमृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. आणि जिथे डॉक्टर असलेला दवाखाना जवळ होता, तिथे परिणाम सर्वांत मोठा होता.

हे शेवटचे वाक्य, ताई, माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचे. पैसा दवाखान्याची जागा घेत नाही. दवाखाना असेल तरच तो बाळाला वाचवतो. छत्तीसगडात हजार रुपये कामाला येतात, कारण त्याआधीपासून घरात रेशनचा तांदूळ आहे आणि गावात मितानिन, म्हणजे गावची आरोग्यसेविका, आहे. तांदळाची चिंता नाही म्हणून रोख पैसा रोख म्हणून वापरता येतो. पोटाच्या तांदळाऐवजी पैसे दिले की काय होते, ते झारखंडने पाहिले. रांचीजवळच्या नगडी तालुक्यात २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये, एक रुपया किलोने मिळणारा तांदूळ बत्तीस रुपयांनी विकत घ्या, वरचे पैसे खात्यात देतो, असा प्रयोग झाला. लोक बँक, बँकमित्र आणि रेशन दुकान अशा चकरा मारून थकले. मोर्चे निघाले आणि वर्षभरात तो गुंडाळावा लागला.

म्हणूनच २०२५ च्या मे महिन्यात ‘लाडकी बहीण’साठी सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास खात्यांचा निधी वळवला आणि आपल्याच मंत्रिमंडळातल्या संजय शिरसाटांनी उघड नाराजी व्यक्त केली, ते वाचून वाईट वाटले. आश्रमशाळेच्या आणि वसतिगृहाच्या पैशातून आईला पंधराशे देणे म्हणजे लेकीच्या ताटातले उचलून आईला वाढणे. तिजोरीवर ताण आहे हे कळते. तो ताण सवलती, अनुदाने आणि करमाफीची खरी गरज नसलेल्यांवर टाका.

दोन्ही राज्यांत ही योजना निवडणुकीतून आली. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. गरिबांचे पुष्कळ हक्क मतांच्या दाबातूनच आले आहेत. पण मतांसाठी दिलेले मतांसाठी काढूनही घेता येते, आणि बायकांना ते बरोबर कळते. दर निवडणुकीआधी त्यांच्या मनात भीती असते, सरकार बदलले तर बंद होईल का? महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी दिली आणि पुढे तिचा कायदा केला. तो कायदा होता म्हणूनच ती सरकारे बदलूनही टिकली आणि अख्ख्या देशाने ती उचलली. आता तसेच करा. येत्या अधिवेशनात या योजनेला कायद्याचे रूप द्या. त्यात हप्त्याची तारीख असू द्या, आणि उशीर झाला तर भरपाई. कोणाचेही नाव काढण्याआधी लेखी कारण आणि ग्रामसभेत म्हणणे मांडायची संधी मिळू द्या. तोवर पैसे चालू राहू द्या. नवऱ्याच्या आधारची अट काढा. आणि दुसऱ्या गरिबाच्या योजनेतून या योजनेला पैसा वळवता येणार नाही, असे कलम घाला.

आपल्या उत्तराची वाट पाहते.

आपली,
रायपूर येथील एक निवृत्त बँक कर्मचारी